पारासमोरचं बॉनेट

विजयमाला आपल्या गाडीचं बॉनेट घरी उघडत नाही. अंगणात जागा आहे, सावली आहे. तरी दर सोमवारी ती गाडी पळसदेवच्या पारासमोर आणून उभी करते, शेजारच्या मशिनमधून शुद्ध पाण्याची बाटली भरून घेते आणि पारावरच्या सगळ्या रिकामटेकड्यांच्या देखत बॉनेट वर करते. निळं टोपण काढायचं, काच धुवायच्या टाकीत पाणी ओतायचं, वर चार थेंब शाम्पू. पन्नाशी ओलांडलेल्या बाईलाही याला कितीसा वेळ लागणार? पण ती मुद्दाम सावकाश करते.

प्यायचं पाणी काचेवर घालते म्हणून पारावर कुजबुज होते. होऊ दे.

गाडी तशी तिच्या नवऱ्याची, आबाजींची. साखरेच्या आजारानं त्यांची नजर अधू झाली आणि डोळ्यात इंजेक्शन घ्यायला दर महिन्याला बारामती गाठायची वेळ आली. धाकटा दीर सर्जेराव न्यायचा, पण आपल्या सवडीनं. एकदा सोसायटीच्या मीटिंगपायी त्यानं तारीख चुकवली आणि आबाजींचा उजवा डोळा जवळजवळ गेलाच. तेव्हा विजयमालाचं डोकं फिरलं. तिनं भिगवणला क्लास लावला, लायसन काढलं आणि किल्ली आपल्या कमरेला खोचली.

सर्जेरावानं घर डोक्यावर घेतलं. बाईमाणसानं गाडी चालवली की घराण्याची अब्रू जाते म्हणे. डोळा गेला तर अब्रूला काही होत नाही. शेवटी तडजोड ठरली. गाडी तिनं चालवायची, पण बॉनेटला हात लावायचा नाही, तेल-पाणी सर्जेराव बघेल. आणि तिच्यामुळं गाडी रस्त्यात एकदा जरी अडली, तर किल्ली त्याच्याकडं. किल्ली गेली तर नवऱ्याचे डोळे पुन्हा दिराच्या सवडीवर लोंबकळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं कबूल केलं, कारण गाडी अडू द्यायचीच नाही असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

मागच्या थंडीत तिघं बारामतीहून परत येत होते. आबाजी मागं, डोळ्यावर पट्टी. सर्जेराव शेजारी, चुका काढायला. दिवस मावळला होता. भिगवण सोडलं आणि धरणाच्या पाण्यावरची चिलटं काचेवर येऊन फुटू लागली. तिनं वायपर लावला, तर सगळी काच बरबटून राड झाली. फवाऱ्याची दांडी ओढली, आत घुर्र आवाज झाला, पाणी मात्र आलं नाही. पुढं बिनदिव्यांची उसाची ट्रॉली. तिनं जपून गाडी एका हॉटेलच्या उजेडात घेतली.

"अडली का न्हाय?" सर्जेराव हात पुढं करून म्हणाला. "आणा ती किल्ली."

विजयमाला उतरली आणि तिनं बॉनेट वर केलं. टाकी काठोकाठ भरलेली. फवाऱ्याच्या भोकांवर मात्र पांढरा, कडक थर धरला होता. तसाच थर त्यांच्या उसातल्या ठिबकच्या नळ्यांना धरायचा.

"भाऊजी, टाकीत पाणी कुठलं घालताय?"

"कुठलं म्हंजी? उसातल्या बोअरचं. वरीसभर तेच घालतोय."

त्या बोअरचं पाणी इतकं खारं, की घरातलं कुणी त्यानं तोंडसुद्धा धूत नाही. विजयमालानं पदराची पिन काढली. फवारणीच्या पंपाचं नोझल तिनं आयुष्यभर असंच साफ केलं होतं. थर खरवडला, भोकं टोचली, आत जाऊन दांडी ओढली. पाण्याच्या दोन धारा काचेवर उडाल्या.

"गाडी माझ्यामुळं न्हाय अडली," ती म्हणाली. "किल्ली मिळायची न्हाय. मागं भावाशेजारी बसायचं आसंल तर बसा, न्हायतर हितनं एसटी हाय."

सर्जेराव मागं जाऊन बसला. घर येईस्तोवर आबाजी गालातल्या गालात हसत होते.

पुढच्याच सोमवारी तिनं पारासमोर पहिल्यांदा बॉनेट उघडलं. पारावर सर्जेरावही होता. तो उठून जवळ आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "वहिनी, घरी भरा की. लोकं बघत्यात."

"बघू द्या," ती मोठ्यानं म्हणाली. "घरी टाकी रिकामी ठिवली तर माझ्याआधी कुणीतरी बोअरचं भरून ठिवंल."