शेवटच्या वॉल्ववरचा ठोका

बोईसरहून सातपाटीला आमच्या बोटीचं इंजिन बघायला येणारा मेकॅनिक एका जागी टिकत नाही. पाय हलत असतात, तोंड चालू असतं. फक्त वॉल्वची स्प्रिंग शिकंज्यात दाबून, ती जागेवर धरून ठेवणारी शेंगदाण्याच्या पाकळीएवढी दोन लॉकं बसवताना तो गप्प होतो. मग शिकंजा सोडून वॉल्वच्या टोकावर हातोडीचा हलका ठोका देतो. लॉक नीट बसलं नसेल तर तिथेच उडतं. भर समुद्रात उडालं तर इंजिन संपलं.

परवा तो शेवटच्या वॉल्ववर असताना मी घाईनं विचारलं, "झालं का?" भरती साधून माझ्या भावाला बोट काढायची होती.

वॉल्व बसवलेलं वरचं झाकण, म्हणजे हेड, इंजिनावर चढवून बोल्ट आवळल्यावर तो थबकला. "शेवटचा ठोका दिला का मी?"

"दिला असशील रे!"

"असशील नाय चालत." त्यानं हेड पुन्हा उतरवायला घेतलं.

मी ओरडलो, "भरती चालली!"

"उद्या पन हाय."

ठोका दिला. लॉक जागेवरच होतं.

भाऊ दुसऱ्या दिवशी गेला. तो समुद्रात असला की मी जेटीवर येरझाऱ्या घालतो. या खेपेला घरी जाऊन जेवलो.