मेश्रामांच्या घरची मंजुरी

सीताराम मेश्राम सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्या जिभेवरून उठली नाही. विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत नंदाबाईंनी चहाचं विचारलं की उत्तर यायचं, "मंजूर." माहेरी जाते म्हटलं की, "हरकत नाही." इथवर ठीक होतं. नंदाबाईंना धडकी भरायची ती "तत्त्वतः मान्य" ऐकलं की. महाबळेश्वरची सहल लग्नाच्या वर्षीच तत्त्वतः मान्य झाली होती, आणि अजून कुणी एसटीत पाय ठेवला नव्हता.

त्यामुळे लेक निकितानं हिंजवडीच्या आपल्या कंपनीतल्या समाधानशी लग्न करायचं म्हटलं आणि सीतारामराव पेपराआडून "तत्त्वतः मान्य" म्हणाले, तेव्हा मायलेकींचे चेहरे खर्रकन उतरले. हे आपले पिशवी घेऊन भाजीला निघून गेले.

परतले ते संध्याकाळी, रिक्षातून. गळ्यात हार, पिशवीत पेढे, मागोमाग हसत समाधानचे आईवडील! साहेब थेट बिबवेवाडीला मुलाच्या घरी जाऊन तारीख ठरवून, हॉलसुद्धा बघून आले होते.

"अहो, हे काय?"

सीतारामराव शाळकरी पोरासारखे खुदखुदले. "काम करून झालंय. आता कार्योत्तर मंजुरी मिळावी, ही विनंती."

निकितानं त्यांना मिठीच मारली. नंदाबाईंनी पाहुण्यांना बसवलं, पदरानं डोळे टिपले, एक पेढा तोंडात टाकला आणि साहेबी आवाजात म्हणाल्या,

"तत्त्वतः मान्य. आधी महाबळेश्वर."