श्रीपतीची परत आलेली नळी

श्रीपती गोताडनं बनवलेली नळी परत येत नाही, असं मिरकरवाड्याच्या बंदरात म्हणायची पद्धत होती. म्हणणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द श्रीपतीचा. तरुणपणी तो मुंबईच्या गोदीत पाइप फिटर होता. तिथलं काम आटलं तसा परत आला आणि बंदराजवळ पत्र्याच्या शेडमध्ये बोटींच्या तेलाच्या नळ्या बनवायला बसला. भर समुद्रात सुकाणू वळवणाऱ्या तेलाची नळी फुटली तर काय होतं, हे बोट चालवणाऱ्या तांडेलांना सांगावं लागत नाही. म्हणून त्याचा तिरसट स्वभाव ते मुकाट्यानं गिळायचे.

अशा माणसाकडे गाडीचं काम घेऊन कुणी जात नाही. सुनेत्राबाई अभ्यंकर गेल्या. बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या उंबरठ्यावर, गुडघ्यांनी बेजार. त्यांच्याकडे पांढरी स्टँडर्ड हेरल्ड होती, त्यांच्या मुलापेक्षा वयानं मोठी. याच गाडीवर त्या शिकल्या आणि दुसरी कुठली त्यांना चालवता येत नव्हती. मालगुंडला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी तिला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, हे काम बाईंचं. बहीण ते दुसऱ्या कुणाला करू देत नसे. एसटीची पायरी बाईंना चढवत नव्हती, त्यामुळे गाडी बंद म्हणजे रविवारही बंद.

बिघाड क्लचचा होता. या गाडीत क्लचचं पेडल दाबलं की नळीतलं तेल पुढे रेटलं जातं आणि ते क्लच सोडवतं. खाऱ्या हवेनं ती लोखंडी नळी खाऊन टाकली होती. नवी मिळत नव्हती आणि गावातल्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले होते.

"गाडीची कामं मी नाय करत, बाई," श्रीपती म्हणाला.

"नळीची करता ना?"

"नळीची करतंय."

"मग गाडी आहे हे विसरून जा," बाई म्हणाल्या.

श्रीपतीनं ते जरा जास्तच मनावर घेतलं. जुन्या नळीला जाड तार लावून त्यानं वळणं उतरवून घेतली. तांबं-निकेलची नळी आणली, कारण तिला खारी हवा बाधत नाही. दोन्ही टोकांना नट आधी ओवले आणि मगच नळीची तोंडं फुलवली. नट ओवायचा विसरला की सगळी मेहनत कापून टाकावी लागते. वळणं त्यानं अशी दिली की कुठे चपटी होईल तर शपथ. मात्र जुन्या नळीच्या शेवटी, क्लचजवळ, वीतभर रबरी होज होती. ती पाहून त्यानं नाक मुरडलं.

"ह्या रबराचं काय काम? दोन पावसाळ्यांत कुजतंय. एकसंध नळी टाकतंय, तुमाला जन्मभर बघायला नको."

नळी बसली, तेल भरलं, हवा काढली. पेडल पायाला टणक लागलं. बाई खूश झाल्या आणि श्रीपतीनं पुढचे काही दिवस बंदरात सगळ्यांसमोर गाडीवाल्यांची अक्कल काढली.

पाच-सहा रविवार सुखाचे गेले. मग आरे-वारेच्या चढावर बाईंनी गिअर बदलायला क्लच दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. गाडी रस्त्यात आडवी होऊन बंद पडली. मागे गणपतीपुळ्याला निघालेल्या पर्यटकांची रांग लागली. कुणीतरी त्या सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत पुण्याला बाईंच्या मुलाकडे, उन्मेषकडे पोचला. तो दुसऱ्या दिवशीच आला आणि गाडीची किल्ली काढून घेतली. आई क्लचवर पाय ठेवून गाडी चालवते, म्हणून नळी फुटली, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

बंदरातही लोक हेच बोलले. श्रीपतीची नळी अशी फुटेलच कशी? श्रीपती म्हणाला, "आसंल." आणि त्याला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

दोन दिवसांनी बाई रिक्षानं शेडवर आल्या. पिशवीत फुटलेली नळी होती.

"मी क्लचवर पाय ठेवत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण उन्मेष इतकं म्हणतो, की आता मलाच वाटायला लागलंय, ठेवत असेन."

श्रीपतीनं नळी उजेडात धरली. तडा नटाला लागून होता, नळीभोवती बारीक गोल फिरलेला. दाबानं नळी अशी फुटत नाही. ती हलून हलून मोडली होती. बाई गेल्यावर तो नळी घेऊन उठला. मग कामासाठी शेडवर आलेल्या शिवा तांडेलाला म्हणाला, "मला बाईंकडं सोड." शिवाची मोटारसायकल बाहेर उभी होती.

उन्मेषनं दार उघडलं. श्रीपती सरळ म्हणाला, "नळी माझ्या चुकीनं मोडली. बाईंच्या पायाचा काय संबंध नाय."

उन्मेष हसला. "काका, तुम्ही आईला सांभाळून घेताय, कळतं मला."

झाली पंचाईत. उभ्या जन्मात श्रीपतीनं चूक कबूल केली नव्हती, आणि आता केली तर कुणी खरी मानेना.

"किल्ली आणा," तो म्हणाला. "गाडी चालू करा."

बाईही बाहेर आल्या. बॉनेट उलटलं. इंजिन सुरू झालं आणि आपल्या रबरी पायांवर थरथरू लागलं. उन्मेषनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला तसं ते एका अंगाला कललं. श्रीपतीनं फुटक्या नळीचं एक टोक बॉडीला, दुसरं इंजिनला टेकवून धरलं. धक्क्यासरशी इंजिनकडचं टोक हातातून निसटायला लागलं.

"बोटीचं इंजिन लाकडाला आवळलेलं आसतं, ते हालत नाय," तो म्हणाला. "हितं हालतंय. म्हणून ती रबरी होज व्हती. मी ती फेकली. शिवा, तू पण बघ."

शिवानं वाकून पाहिलं. उन्मेषनंही पाहिलं. मग गाडी बंद करून त्यानं किल्ली आईच्या हातात ठेवली. बाईंनी मूठ घट्ट मिटली.

कोल्हापूरहून ब्रेक ऑइलला चालणारी होज आली, श्रीपतीनं नळी आखूड करून तिला जोडली, आणि त्याच रविवारी मालगुंडच्या बहिणीची वेणी घातली गेली. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी शिवानं श्रीपतीला बंदरावर परत आणलं. मोटारसायकल लावून तो धक्क्यावर जरा घुटमळला.

"दादा, राग नको मानू," तो म्हणाला. "माझ्या सुकाणूची नळी येकदा बघतंस काय? बोटीवर पोरं आसतात."

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. श्रीपतीला ते लागलं, चांगलंच लागलं.

"बघतंय," तो म्हणाला, आणि पाना घेऊन बोटीत उतरला.