अनारकुलने नोंदवलेला थांबा

माझी धाकटी जाऊ अनारकुल नमदे, म्हणजे लोकरीची जाड अंथरुणं, शिवते, पण तिचा सगळा जीव हातातल्या जीपीएसमध्ये. आमच्याकडे उतरलेल्या एका गिर्यारोहकाने नमद्याच्या बदल्यात ते यंत्र दिलं आणि लपवलेल्या डब्या शोधायचा खेळ शिकवून गेला. कुणीतरी दगडाखाली डबी ठेवायची, तिचा ठावठिकाणा आकड्यांत जगाला कळवायचा, आणि आमच्या या बाईने उकळता चहा तसाच टाकून डोंगरात पळायचं! डबीत काय, तर एखादं बटण. डोकं फिरलंय हिचं, असं मी चारचौघांत म्हणत असे.

मग काराकोल शहराहून मोठी बस सुरू व्हायची ठरली. आमच्या रस्त्याला थांब्याची ना पाटी ना खांब. मार्शरुत्का म्हणजे आमची वडापची छोटी गाडी; तिच्या चालकाला ओरडून सांगितलं की तो गाडी थांबवतो. बसला मात्र यंत्रावर नोंदलेले थांबे हवे होते. बसच्या कचेरीत हे काम कुणाला येईना, म्हणून अनारकुलने ते अंगावर घेतलं. अट एवढीच, की पहिल्या फेरीला जिथून कुणी चढणार नाही तो थांबा रद्द. सासूबाईंना सारखं शहरात दवाखान्यात न्यावं लागतं आणि मार्शरुत्कात त्यांचे गुडघे मुडपत नाहीत. आम्हाला ती बस हवीच होती.

भर थंडीत बाईसाहेब मार्शरुत्कात बसून सगळी वाट फिरल्या. काचांवर बर्फ, माणसं खच्चून भरलेली, बाहेरचं काही दिसेना. गाडी मंदावली की थांबा आला असं समजून ही यंत्राचं बटण दाबायची.

पहिल्या फेरीला अख्खं गाव नटूनथटून नेहमीच्या जागी, गिरणीपाशी उभं राहिलं. बस आली, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि ती आमच्या नाकासमोरून निघून गेली! थांबली ती थेट गावाबाहेर, कब्रस्तानाच्या फाटकाशी.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कब्रस्तान आलं की आमचा प्रत्येक गाडीवाला वेग कमी करतो आणि आतले सगळे तोंडावरून हात फिरवून गेलेल्यांसाठी दुआ मागतात. गिरणीपाशी नोंदणीच्या दिवशी कुणी उतरलं नसणार, म्हणून गाडी तिथे मंदावलीच नाही. आणि फाटकाशी या शहाणीने एका हाताने दुआ मागितली, दुसऱ्याने बटण दाबलं.

अनारकुल पांढरीफटक पडली. मग तिने सासूबाईंना पाठुंगळी घेतलं आणि धूम ठोकली. मागून आम्ही सगळे, बर्फात घसरत, हसत, शिव्या घालत. माझा एक बूट वाटेतच राहिला. असं मी लग्नाआधी पळाले असेन! बसचं दार मिटायला आणि अनारकुलने त्यावर थाप मारायला एकच गाठ पडली.

आत कचेरीतला साहेब कागद घेऊन बसला होता. थांबा तुम्हीच नोंदवलात ना, मग उभ्या तिकडे कशाला राहिलात, असं त्याने विचारलं.

"चुकलं माझं," अनारकुल धापा टाकत म्हणाली. "पण चढतोय आम्ही. आता खोडायचं नाही."

साहेब पेन हातात धरून घुटमळला. कब्रस्तानापाशी थांबा बरा दिसतो का, असं काहीतरी पुटपुटला. सासूबाई अजून सुनेच्या पाठीवरच होत्या. त्यांनी वरूनच त्याला दटावलं.

"लिही रे बाबा. या फाटकाशी आलेलं माणूस माघारी जाताना मी जन्मात पाहिलं नाही. आज सगळं गाव आलं आणि सगळं गाव निघालंय."