तुळसाकाकीचा आवाज

तुळसाकाकीचा आवाज ओळखत नाही असं माणूस आमच्या पावसकडच्या वाडीत नाही. उभी हयात रत्नागिरी आगारात कंडक्टर होती. निवृत्त झाली ती फक्त कागदावर. अजूनही लग्नाच्या पंगतीत "पुढे सरका, पुढे सरका" करते आणि लोक निमूट सरकतात.

कंडक्टर असताना तिच्या गाडीत मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायका चढायच्या. कडेवर पोर, हातात पिशवी, आणि कुठलं तिकीट हवं ते सांगता येत नाही. अशांना काकी स्वतःच्या घरी आणायची. तो नाद अजून सुटलेला नाही. खोली बघून देते, आंबापोळीच्या कारखान्यात काम लावून देते, पोरांना मी शिकवते त्या शाळेत आणून बसवते. पण सगळ्यांत आधी काय आणत असेल, तर नवं कुलूप! "घे किल्ली. कुणाला दार उघडायचं न् कुणाला नाय, तुझी मर्जी."

गेल्या वर्षी योगिनी आली, लहानग्या सानवीला घेऊन. नवरा, दर्शन, जीव जाईस्तोवर मारायचा. योगिनी हळूहळू सावरली, हसायला लागली. सानवी मात्र पुरुषाचा आवाज चढला की लपायची. कवायतीचे सर "सावधान" ओरडले की ही बाकाखाली.

आणि आला शिमगा! शिमग्याला आमची देवी पालखीत बसून घरोघर येते. ज्याच्या अंगणात पालखी नाचली, गुरवानं ज्याच्या नावानं गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवीकडे राखण मागितली, ते घर गावातलं घर. योगिनीनं अंगण सारवून ठेवलं. तर पालखीचे मानकरी राजाभाऊ म्हणाले, "पालखी थांबवू. पण गाऱ्हाणं घरधन्याच्या नावानं घालतात. दर्शनचं नाव घ्यावं लागेल."

"त्याचं नाव ह्या अंगणात नको," योगिनी म्हणाली. "नायतर पालखीच नको." आणि आत जाऊन रडली. मला असा संताप आला!

मग काय, काकी देवळासमोर उभी. "पालखीत कोण बसलीय? बाईच ना? तिला कधी घरधन्याचं नाव विचारलंत?" दोन दिवस भांडली. ऐकायला मजा येत होती, खोटं कशाला बोलू! राजाभाऊंनी "बघू" म्हणून वेळ मारून नेली.

"बघताय काय? नाव मी सांगणार!" काकीनं ठणकावलं.

पालखीच्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली, तोंड उघडलं, तर नुसती हवा. आवाज पार बसलेला! ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. काही उपयोग नाही. हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना.

दुपारी ढोल घुमले. गुलाल उडाला, पोरं बेभान नाचत आली. पहिल्याच ढोलाला सानवी दाराआड पळाली. पालखी अंगणात नाचली, काय नाचली! योगिनीनं देवीची ओटी भरली. विठू गुरवानं नारळ हातात घेतला, गाऱ्हाणं सुरू केलं आणि अडला.

"कुणाच्या नावानं?"

राजाभाऊ घसा खाकरू लागले. योगिनीनं काकीकडे पाहिलं. काकीनं जिवाच्या आकांतानं तोंड उघडलं, फुस्स! मी गर्दीतून पुढे घुसत होते, एवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं, "योगिनी! हे माझ्या आईचं घर आहे!"

सानवी उंबऱ्यावर उभी होती, कडी घट्ट धरून.

विठूनं राजाभाऊंकडे पाहिलं, राजाभाऊंनी पालखीकडे. मग टोपी सारखी करत म्हणाले, "पोर सांगतंय ना? घाल गाऱ्हाणं."

"आई माउली, ही योगिनी आज तुझ्या पायाशी उभी हाय. तिच्या घराची, तिच्या लेकराची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

अंगणभर पुरुषांचा आवाज एकदम चढला. मी घाबरून सानवीकडे धावले. ती जागची हलली नव्हती. डोळे मोठे करून तिनं दाराशी उभ्या काकीचा पदर ओढला.

"आजी, हे सगळे आईला हो म्हणाले?"

तुळसाकाकीनं नुसती मान डोलावली. आवाज असता तरी तिला तेव्हा बोलता आलं असतं, असं मला वाटत नाही.