आमच्या गाडीतला गारवा

वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडलं की आतून एक दाट, कढत वाफ अंगावर येते. तिला तापलेल्या रेक्झिनचा वास असतो, पुढच्या काचेशी विसरलेल्या उदबत्तीच्या पुड्याचा असतो, आणि तुम्ही नांदेडात असाल तर थोडा धुळीचाही. अशा वेळी एसीचं बटण फिरवावं, आधी गरम, मग कोमट आणि मग गार अशी झुळूक तोंडावर यावी, यापरतं ऐहिक सुख ते कोणतं? ते सुख मी एक अख्खा उन्हाळा शोधत होतो. माझ्या गाडीत झुळूक कोमटपर्यंत यायची आणि तिथंच बसकण मारायची.

गाडी जुनी घेतलेली, पांढरी, काचा हाताने फिरवायच्या. ती थंड होणं ही माझी चैन नव्हती, गरज होती. माझी मुलगी मंजू तेव्हा बारावीला होती आणि मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी दर रविवारी नांदेडहून लातूरला सराव परीक्षेला जायची. उन्हाचा चटका बसला की तिच्या नाकाचा घोळणा फुटे. एका रविवारी तर लातुरात पोचेपर्यंत ओढणी लाल झाली, आणि अर्धा पेपर तिनं मान वर करून, छताकडे बघत दिला. खरी परीक्षा मे महिन्यात होती, केंद्र लातूरलाच. वर्षभराची मेहनत एका नाकावर येऊन ठेपली होती.

तेव्हाचं लातूर तुम्हाला सांगायला हवं. त्र्याण्णवच्या भूकंपानं भोवतालची गावं जमीनदोस्त झाली, आणि पुढच्या वर्षांत शहरात क्लासच्या इमारतींवर मजले चढत गेले. पोरं गुणांच्या मागे, आईबाप पोरांच्या मागे आणि डबेवाले त्या सगळ्यांच्या मागे धावत होते. अशा मुलखात ‘सर’ या दोन अक्षरांना काय वजन असेल! मी नांदेडात फिजिक्स शिकवत असे. रस्त्यात लोक सायकलवरून उतरून नमस्कार करत. सरांचं चुकतं असं म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर सरांनाही तसं वाटण्याची सवय नव्हती. माझ्या गाडीचा घात झाला तो इथं.

कय्यूमभाईंचं गॅरेज आमच्या घरापासून जवळ. त्यांचा थोरला माझ्याकडे शिकून इंजिनिअर झालेला, त्यामुळे गाडी नेली की आधी चहा येई आणि मग पाना. त्यांनी एसी लावला, जाळीत थर्मामीटर खोचला आणि पारा भराभर उतरला. ‘सर, बर्फावानी यायलंय,’ ते म्हणाले. मी म्हणालो, ‘इथं येतंय. लातूरच्या रस्त्याला लागलं की येत नाही. गॅस कमी असणार.’ त्यांनी गॅस काढून नवा भरला. पुढच्या रविवारी झुळूक कोमटच.

मग मी अभ्यासाला बसलो. गॅरेजच्या फरशीवर खडूनं आकृती काढून कय्यूमभाईंना सुप्त उष्णता समजावली. तीस वर्षं एसी उघडून बसवणारा तो माणूस हातात फडकं घेऊन शांतपणे ऐकत होता. माझ्या व्याख्यानाच्या शेवटी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचं ठरलं. ‘तुमी म्हणताव तर बदलू, सर,’ ते म्हणाले, ‘पर मला तर गारच लागून राहिलंय.’ व्हॉल्व्ह बदलला, मग कूलिंग कॉइल बदलली, आणि एप्रिल संपताना कॉम्प्रेसरही बदलला. प्रत्येक वेळी गॅरेजात पारा उतरायचा आणि प्रत्येक रविवारी मंजू रुमाल ओला करून नाकावर धरायची. मी गाडीवर चिडलो, गाडी बनवणाऱ्यांवर चिडलो, विकणाऱ्यावर तर इतका चिडलो की त्याच्या मुलाला वर्गात उगाच उभं केलं. त्याची लाज मला आजही वाटते.

या सगळ्या फेऱ्यांत माझी आई मागच्या सीटवर असायचीच. बायकोला गाडी लागते, म्हणून ती घरी राही. आई मात्र धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन बरोबर माझ्यामागे बसे. उन्हासाठी आम्ही मागच्या काचांना जाड पडदे लावले होते. आई पडदा ओढून घेई आणि लातूर येईस्तोवर एक शब्द बोलत नसे. मी समजत होतो, म्हातारीला डुलकी लागते.

शेवटी कय्यूमभाईंचाच स्वाभिमान दुखावला. ‘आता मी सोता बसून येतो,’ म्हणाले, आणि परीक्षेच्या आधीच्या रविवारी आईशेजारी येऊन बसले. लोहा गेलं, माळाकोळी गेली. अहमदपूरला चहाला उतरलो तसं त्यांनी मला बाजूला घेतलं. ‘सर, मशीन एकदम बरोबर हाय. पडद्यामागं अम्माच्या बाजूची काच चार बोटं खाली हाय. नांदेड सोडल्यापासून.’

जुन्या गाडीत खडखड इतकी, की वाऱ्याचा वेगळा आवाज ऐकू येईल कसा? फिजिक्सच्या सरांनी उन्हाळाभर सगळ्या अहमदपूर तालुक्याला गारवा पुरवला होता. मला हसू यायला हवं होतं, पण मी तरातरा गाडीकडे गेलो. म्हटलं, ‘आई, काच कशाला उघडी ठेवतेस? पोरीचं नाक बघतेस ना?’

आईनं डब्यावरचा हात काढला नाही. ‘भुकंपात घराचं मातीचं माळवद आंगावर आलं ना, तवा तोंडापुढं एवढीच फट व्हती. चार बोटं. तिच्यातून वारं यायलं व्हतं म्हून मी हाय. काच लावली की मला पुन्हा माती दिसती.’

 भूकंपाच्या दिवशी मी नांदेडहून धडपडत औसा तालुक्यातल्या आमच्या गावी पोचलो, तेव्हा ती लिंबाखाली कुणीतरी दिलेला चहा पीत बसली होती. ‘म्हैस गेली,’ एवढंच म्हणाली. नांदेडला आणल्यावर ती कधी खोलीत निजली नाही, अंगणातच बाज टाकायची, आणि मी ते उकाड्यावर ढकलून मोकळा झालो. ‘मला कधी सांगितलं नाहीस ते?’ मी विचारलं.

‘तू इचारलंस कवा?’ आई म्हणाली. ‘तू तर सगळ्यांला शिकवायलास.’ तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. कय्यूमभाई पाठ फिरवून टायर बघत राहिले.

परीक्षेच्या दिवशी आई म्हणाली, मी घरीच राहते. मंजूनं ऐकलं नाही. आजी नसेल तर मीही नाही, असं म्हणून ती पुढची सीट सोडून मागं आजीजवळ बसली. गाडी सुटली आणि आईनं आपल्या हातानं काच वरपर्यंत घट्ट लावली. आणि खरंच, त्या दिवशी गाडी थंड झाली, अशी की माझ्या हातावर काटा आला. आरशात बघितलं तर आईचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते आणि काचेच्या हँडलवर बोटं पांढरी पडली होती. तो गारवा मला नकोसा झाला. थांबावं, की पोरीचं नाक सांभाळावं? सगळ्यांना उत्तरं देणाऱ्या मला हे एक सुटेना.

मंजू आजीवरून वाकली आणि तिनं हँडल उलटं फिरवलं. चार बोटं. तापलेलं वारं भणाणत आत आलं. ‘घोळणा फुटला तर पुसता येतो, आजी,’ ती म्हणाली. आईनं त्या फटीला तोंड लावून मोठा श्वास घेतला.

चाकूरच्या पुढे घोळणा फुटलाच. आईनं पदर ओला केला आणि लातूर येईपर्यंत नातीचं नाक दाबून धरलं. केंद्राच्या दारात मंजू उतरली, मान जराशी वर, ओढणीवर दोन डाग. मी सवयीनं शेवटच्या सूचना द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग तिला विचारलं, ‘बरं वाटतंय का?’