पाडव्याचा विडा

मी गावचा सुतार. गावातल्या बड्या शेतमालकाची औतं मीच जोडून, दुरुस्त करून द्यायचो, म्हणून त्याला रोज बघावं लागायचं. हैदराबादला जाऊन आल्यापासून तो प्रत्येक बोलण्याला "क्या समझे?" जोडायचा. बैलांवर मात्र त्याची लई माया. पेरणीत त्याचा पवळ्या बिथरला आणि औत मोडून उधळला, तरी त्यानं चाबूक उगारू दिला नाही.

"जनावर हाय बे, कवातरी बिथरणारच. बसून खाऊ द्या. क्या समझे?"

पवळ्यानं महिनाभर बसून कडबा खाल्ला.

त्याच साली मालकाच्या एका सालगड्याची बायको वारली. गडी बोलेनासा झाला, बांधावर बसून एकटाच रडायचा. भावानं त्याला कपिलधारच्या देवस्थानात नेऊन ठेवलं. दिवाळीपर्यंत तो पुन्हा माणसात आला.

गुढीपाडव्याला मालक नव्या सालाचे गडी ठरवायचा. ज्याच्या हातात विडा, त्याचं काम पक्कं. हा गडीही धुतलेलं मुंडासं बांधून रांगेत बसला. मालक विडे देत त्याच्यापर्यंत आला आणि त्याला ओलांडून पुढं गेला.

"येड्याच्या हातात इळा कोण देईल बे?"

मी तिथंच उभा होतो, न राहवून बोललो, "मालक, पवळ्याला तर महिनाभर बसून चारलं तुमी!"

"पवळ्या इकत घेतलाय. ह्याला कुठं इकत घेतलाय?"

गडी उठला. जाता जाता सवयीनं थांबला, पवळ्यापुढं कडब्याची पेंढी सोडली आणि मग वेशीकडं गेला.

मालक माझ्याकडं बघून हसला. "बघितलं? काम न्हाई तरी वैरण टाकतंय. येडंच हाय. क्या समझे?"